मे संपता संपता: गोव्यातलं बिऱ्हाड हलवताना

पावसाळा ओसरला की पुण्या-मुंबईहून गोव्यात येऊन सहा-आठ महिने राहणारे आता पुष्कळ दिसतात. लॅपटॉपवर नोकरी करणारे, निवृत्त जोडपी, काही लिहायला बसलेले. त्यांतल्या बहुतेकांचं बिऱ्हाड मे अखेरीला हलतं, कारण करार संपतो, मुलांच्या शाळा उघडतात आणि पुढे पाऊस. येताना सगळे तयारीने येतात. जाताना मात्र शेवटचा आठवडा काजूच्या दुकानांत आणि किनाऱ्यावर जातो आणि ज्या कामांना दुसऱ्याची सही लागते ती सगळी शेवटच्या दोन दिवसांत येऊन साचतात. क्रम याच्या उलट हवा: आधी सही-शिक्क्याची कामं, मग जड सामान, खाण्याच्या वस्तू सगळ्यात शेवटी. आणि मधल्या मोकळ्या दिवसांत अशा एक-दोन जागा, ज्या गोवा फक्त मे महिन्यातच दाखवतो.

घरापासून सुरुवात. घर सोडतोय हे मालकाला तोंडी सांगून भागत नाही. करारात महिन्याची नोटीस असेल तर ती लेखी द्या, फोनवरच्या संदेशाने का होईना, पण तारीख दिसेल अशी. डिपॉझिट अडकतं ते बहुतेक वेळा विजेच्या बिलावरून. गोव्यात वीज सरकारच्या वीज खात्याकडूनच येते आणि बिल मागच्या वापराचं असतं, म्हणजे शेवटच्या दिवसांचं बिल तुम्ही गेल्यावर येणार. "बिल आलं की बघू" असं म्हणून मालक सगळीच रक्कम धरून ठेवतो. यावर सरळ उपाय आहे. चावी देण्याच्या दिवशी मालकासमोर विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढायचा, आदल्या बिलातल्या रीडिंगपासून किती युनिट झाले ते मांडायचं, त्याचे पैसे थोडे वर धरून बाजूला ठेवायचे आणि उरलेलं डिपॉझिट तिथेच मागायचं. आकडा समोर असला की वाद फार ताणला जात नाही.

दुसरं भांडण बुरशीवरून. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात आणि मे महिन्यात हवा आधीच दमट झालेली असते. पलंग भिंतीला टेकलेला असेल तर गादीच्या त्या कडेला राखाडी ठिपके उमटतात, आणि आपण झोपतो वरच्या बाजूला, त्यामुळे ते दिसतात थेट घर रिकामं करताना. मेच्या पहिल्याच आठवड्यात पलंग हातभर पुढे ओढा, गादी दोन दुपारी दोन्ही बाजूंनी उन्हात टाका. प्लायवूडच्या कपाटात आतून पांढरट थर आला असेल तर नुसत्या पाण्याने पुसू नका, आठवड्यात तो परत येतो. व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि दारं उघडी ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचं.

फ्रिज एक दिवस आधी बंद करायचा, बर्फ वितळू द्यायचा, मागच्या तळाशी पाण्याची ताटली असते ती ओतायची (ही ताटली बहुतेकांना माहीतच नसते), आणि दारात वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवून दार दोन बोटं उघडं ठेवायचं. बंद दाराचा फ्रिज बंद घरात पावसाळाभर राहिला तर रबरी पट्टीवर काळी बुरशी धरते आणि ती पट्टीच बदलावी लागते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालून मालकाला दाखवा.

गॅसचं कनेक्शन स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून डिपॉझिट आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. हा कागद दाखवून नव्या गावात कनेक्शन मिळतं. त्यासाठी सुरुवातीला मिळालेलं सबस्क्रिप्शन व्हाउचर लागतं आणि नेमकं तेच सापडत नाही, म्हणून ते आधी शोधा. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलिस ठाण्यात दिलेला असतो, तेव्हा घर सोडल्याचंही मालकाकरवी लेखी कळवून टाका. पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलं असेल तर पुस्तकं देऊन अनामत परत घ्यायची. जाता जाता तिथे अर्धा दिवस काढाच. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था, आणि जुन्या मराठी पुस्तकांचा साठा असा की सहा महिने पणजीत राहून तिथे न गेलेल्यांना शेवटच्या आठवड्यात हळहळ वाटते.

स्वतः जमवलेली पुस्तकं बॅगेत कोंबू नका. टपाल खात्याची ज्ञान पोस्ट नावाची सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. छापील पुस्तकांसाठीच आहे, पाकीट ३०० ग्रॅमपासून ५ किलोपर्यंत, दर २० रुपयांपासून १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा. पुस्तकं रस्त्याने जातात म्हणून वेळ लागतो, पण घाई कशाला. मासिकं-नियतकालिकं त्यात चालत नाहीत आणि पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, मग खाकी कागद. जूनमधलं टपाल ओलं व्हायची शक्यता धरूनच चालायचं.

आता दुचाकी. बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते, त्यामुळे पुढच्या हंगामासाठी ती मालकाच्या पडवीत सोडून जाण्याचा मोह टाळा. घाटातून चालवत न्यायची तर पहिल्या पावसाच्या आत, नाहीतर आंबोलीत धुक्याने समोरचं काही दिसत नाही. बाकीच्यांसाठी रेल्वे. मुंबईकडे पाठवायची असेल तर मडगावच धरा. कोकणकन्या आणि मांडवी तिथूनच सुटतात, त्यामुळे गाडी फलाटावर बराच वेळ उभी असते आणि दुचाकी चढवायला सवड मिळते. थिवी, पेडणे इथे थांबा काही मिनिटांचा, तिथे हे जमत नाही. पुण्याला पाठवायची तर गोवा एक्स्प्रेस. ती वास्कोहून सुटते आणि कुळे, लोंढा, बेळगावमार्गे पुण्यात जाते, म्हणून वास्कोला बुक केलेलं बरं.

बुकिंगचे दोन प्रकार आहेत. तुमच्याकडे त्याच गाडीचं तिकीट असेल तर लगेज म्हणून, म्हणजे शक्यतो त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यात. तिकीट नसेल तर पार्सल म्हणून, जागा होईल तेव्हा जाते. आर.सी. (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विम्याच्या प्रती आणि ओळखपत्र लागतं. टाकी पूर्ण रिकामी हवी, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मोटरसायकलची पेट्रोलची नळी काढून टाकी रिकामी करता येते, स्कूटरला ती सोय सहसा हाताशी नसते. म्हणून आठवडाभर आधीपासून पेट्रोल भरणं थांबवायचं, काटा तळाला आणायचा आणि उरलेलं नळीने ओढून काढायचं. स्टेशनपर्यंत जायला पाव लिटर ठेवून ते तिथे काढणं सोपं. आरसे काढून कापडात गुंडाळा आणि डिकीत ठेवा. दिवा, टाकी, बाजूची पॅनेलं यांवर पुठ्ठा, त्यावर गोणपाट, आणि सुतळीने शिवण. हे करून देणारी माणसं पार्सल ऑफिसच्या आसपास असतात, पण पुठ्ठा तुम्ही न्या. त्यांच्याकडे गोणपाट असतं, पुठ्ठा नसतो, आणि ओरखडे पडतात ते पुठ्ठा नसल्यामुळेच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल उघडं, चावी तुमच्या खिशात. नाव, फोन, कुठून कुठे हे गोणपाटावर रंगाने दोन ठिकाणी लिहून घ्या, कागदी चिठ्ठी टिकत नाही.

पावतीवर गाडीची किंमत जाहीर करण्याचा रकाना असतो. तो कोरा सोडला तर नुकसान झाल्यावर रेल्वेची जबाबदारी वजनानुसार ठरलेल्या तुटपुंज्या रकमेपुरती राहते. किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला तर ती मर्यादा राहत नाही. गाडी महाग असेल तर भरावा. पोहोचल्यावर मूळ पावती दाखवून लगेच सोडवून घ्या, काही तासांच्या सवलतीनंतर ठेवणावळ चढायला लागते.

प्रवासाच्या तिकिटाबद्दल दोन सूचना. कोकण रेल्वे जूनमध्ये पावसाळी वेळापत्रकावर जाते. गाड्या सावकाश चालवतात आणि सुटण्याच्या वेळा बदलतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे एप्रिलमध्ये जूनचं तिकीट काढणाऱ्याने वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासायला हवी. विमानाने जाणाऱ्यांनी कोणता विमानतळ ते बघावं. दाबोळी वास्कोजवळ, मोपा थेट पेडण्यात, ५ जानेवारी २०२३ पासून दोन्ही चालू आहेत आणि तिकिटावर ठळक अक्षरात दोघांचंही नाव "गोवा". बारीक अक्षरातला कोड पाहायचा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. चुकलात तर मध्ये जवळजवळ अख्खा उत्तर गोवा आहे.

ही कामं लागली मार्गाला, की दोन दिवस मोकळे काढा आणि दक्षिणेकडे, सांगे-केपे तालुक्यांत जा. किनारे पुढच्या वर्षीही तिथेच असतील. साळावली धरणात बुडालेलं कुर्डी गाव मात्र पाणी उतरल्यावर साधारण मे महिन्यात वर येतं आणि पाऊस लागला की पुन्हा जातं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, माडांचे बुंधे आणि सोमेश्वराची जागा पाण्याबाहेर येते. जुने गावकरी या दिवसांत देवळाच्या आणि कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) उत्सवाला परत येतात, त्या दिवशी गेलात तर चाकरी-धंद्याला पांगलेला अख्खा गाव भेटतो. तिथलं प्राचीन महादेवाचं देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं आहे, तेही बघा. जायचं सकाळी लवकर. तळाच्या भेगाळलेल्या चिखलावर सावली म्हणून नाही, पाणी विकणारं कुणी नाही. आदल्या रात्री वळीव पडला असेल तर दुचाकी कडेला ठेवून चालत जा. वरचा पापुद्रा कोरडा दिसतो, खाली चाक रुततं.

त्याच बाजूला रिवणजवळ उसगाळीमळ इथे कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, माणसं, आणि एक गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. पावसात नदी त्यावरून वाहते, म्हणून हीसुद्धा उन्हाळ्यातलीच जागा. भर दुपारी गेलात तर तांबड्या खडकावर काहीच दिसणार नाही आणि "एवढ्यासाठी एवढे लांब आलो?" असं वाटेल. कोरीव रेघ दिसते ती तिरप्या उन्हात, सकाळी नाहीतर चारनंतर, जेव्हा खाचेची एक कड सावलीत जाते. खडूने रेघा गिरवू नका, पूर्वीच्या हौशी लोकांनी केलेलं पुरे आहे.

परतीच्या संध्याकाळी पूल टाळून रायबंदरहून फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडीला जाऊन या. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. ऑफिस सुटायच्या वेळी मात्र गाड्यांची रांग लागते, त्या वेळी गाडी न नेलेलीच बरी.

खरेदीला मे हा उत्तम महिना, कारण गोव्यातली घरंही याच दिवसांत पावसाळ्याची बेगमी करतात. त्याला इथे पुरुमेंत म्हणतात आणि मडगावात त्याचं फेस्तच भरतं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही चालतो. सोलां म्हणजे आपली आमसुलं ताजी येतात. चांगलं सोल जांभळट काळं असतं, वाकवलं तर वाकतं, तुटत नाही. वर पांढरी खरखरीत पूड दिसली तर घाबरू नका, ते मीठ आहे. पांढरे केसाळ ठिपके असतील तर ती बुरशी, सोडून द्या. मेमधला नवा माल थोडा ओला असतो. घरी नेऊन दोन उन्हं देऊनच बरणीत भरा, आणि बरणी काचेची किंवा चिनी मातीची. आंबटपणा आणि मीठ मिळून पत्र्याचा डबा खातात. आगळ (कोकमाचा घट्ट रस) घेताना मीठ घातलेलं आहे ना ते विचारा. बिनमिठाचं आगळ प्रवासातच आंबायला लागतं आणि झाकण उडतं.

सुक्या बांगड्यांवर गुलाबी-लालसर छटा असेल तर घेऊ नका. ती मिठात वाढणाऱ्या जिवाणूंची असते आणि असा मासा लवकर नासतो. सुकी सुंगटं (कोळंबी) मुठीत घेऊन सोडा, तळहाताला ओल किंवा वाळू लागता कामा नये. घरी आणून एक दुपार ऊन द्यायचं, पूर्ण गार झाल्यावर वर्तमानपत्रात आणि मग डब्यात. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये भरलं की आतून घाम सुटतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या दिवसांत सुक्या मासळीचा भाव चढतो. मध्यावर घेतलेली बरी. काणकोणची खोला मिरची (हिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) देठासकट घ्या, हलवली की बिया वाजल्या पाहिजेत, आणि डब्यात हिंगाचा खडा टाका.

काजूत फसवणूक सगळ्यात जास्त, आणि पकडायला सगळ्यात सोपी. पाकिटावरचा डब्ल्यू-२४० हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० गर. पाव किलोच्या हिशेबाने डब्ल्यू-१८० चे १०० च्या आत, डब्ल्यू-२४० चे साधारण १२० ते १३२ आणि डब्ल्यू-३२० चे १६५ ते १७६ भरायला हवेत. एक पाकीट घरी नेऊन मोजा, जमलं तर त्याच दुकानातून बाकीचे. सालीसकट भाजलेल्यांत हे गणित थोडं हलतं. चव बघायची ती बिनमिठाच्या गराची, कारण खवटपणा मीठ-मसाल्याखाली लपतो. गर चावून गिळल्यावर जिभेच्या मागे कडवट लागलं तर माल जुना.

मानकुराद आंबा मुंबईपर्यंत नीट पोहोचतो, पण कच्चट, कडक असतानाच घेतला तर. प्रत्येक फळ कागदात, भोकं पाडलेल्या खोक्यात दोन थरांहून जास्त नाही, आणि खोकं सीटखाली. माडाचा काळा गूळ पावसाळी हवेत पाझरतो, दोन पिशव्या आणि हवाबंद डबा हवाच. विमानात सुकं खोबरं चालत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी आहे. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेतून काढून घेतात, ते खालच्या बॅगेत.

फेणीचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. विमानाचा नियम असा की २४ ते ७० टक्के मद्यार्काचं मद्य माणशी ५ लिटरपर्यंत, सीलबंद, खालच्या बॅगेतून नेता येतं. बाटलीबंद काजू फेणी ४२.८ टक्क्यांची, म्हणजे त्यात बसते. पण हा झाला सुरक्षेचा नियम. महाराष्ट्रात गोव्याची दारू विनापरवाना आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती विमानाने आणा की गाडीने, आणि सीमेवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर बॅगा उघडतात. परवाना काढायची तयारी नसेल तर नेऊ नका. हुर्राक (काजूचीच हंगामी दारू) तर नेण्यात अर्थच नाही. तो पहिल्या धारेचा, कमी ताकदीचा, हंगाम सरला की चव गेलीच.

राहिला पोदेर, म्हणजे पाववाला. दारावर पिशवीत पाव टांगून जाणाऱ्याचा महिन्याचा हिशेब असतो, तो आधीच चुकता करून शेवटचा दिवस कोणता ते नक्की सांगा, नाहीतर तुम्ही गेल्यावरही उंडे (गोल पाव) येत राहतात आणि पैसे मालकाकडे मागितले जातात. सोबत न्यायला त्याच्याकडून काकणं घ्या. कोरडी, कडक, बांगडीसारखी गोल, डब्यात आठवडाभर खुशाल टिकतात आणि चहात बुडवली की मऊ होतात. पोई (कोंड्याचा चपटा पाव) मात्र त्याच संध्याकाळपर्यंत संपवायची. दुसऱ्या दिवशी चिवट होते. पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकण ठेवून गरम केली तर गाडीतल्या एका वेळच्या जेवणाला निभावते, त्यापुढे नाही.